दोन खाचांची पट्टी

चपला बाहेर काढा. साल २००३, महिना जानेवारी, आणि निमोण्यातल्या या एका खोलीच्या क्लासात देवघराइतकीच शिस्त आहे. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या न्हावऱ्याच्या घोडगंगा कारखान्याकडे निघाल्यात. खिडकीला पडदा असला तरी धूळ आत येतेच. तुम्ही एमएस-सीआयटीला बसलाय. मॉनिटरवरचं प्लॅस्टिकचं कव्हर घडी करून ठेवता आणि बटण दाबता.

स्क्रीन काळीच. आतून लांब बीप, जरा थांबून पुन्हा बीप.

"सर, ह्यो नुसताच वरडतोय."

"रॅमला कार्बन धरला असंल. खोडरबर आहे का कुणाकडं?"

सर वायर काढतात, कॅबिनेट उघडतात. आधी पत्र्याला हात लावायला सांगतात, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून. स्लॉटच्या दोन्ही टोकांच्या पांढऱ्या खिट्ट्या बाहेर दाबताच रॅमची पट्टी वर उचलली जाते आणि तुमच्या हातात येते. वीतभरही नाही. हिरव्या पट्टीवर आठ काळ्या चिप, खालच्या काठाला सोनेरी दात, या अंगाला ८४ नि त्या अंगाला ८४. मधे दोन खाचा, त्यामुळे उलटी लावू म्हटलं तरी बसत नाही. लेबलवर लिहिलंय: ६४ एमबी, पीसी १३३.

दातांवरून खोडरबर हलकेच फिरतं, काळपट कीस झडतो. तो फडक्यानं पुसायचा, फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. मग दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाबा. टक, टक. खिट्ट्या मिटतात. बटण दाबता, काळ्या स्क्रीनवर आकडे धावू लागतात आणि ६५५३६ वर थांबतात. चौसष्ट गुणिले १०२४. वर्गात सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

कोपऱ्यात सेकंडहँड आणलेला जुना पेंटियम आहे. त्याच्या पट्ट्या ७२ पिनांच्या, तिरक्या घालून उभ्या करायच्या, आणि लागतात जोडीनंच. प्रोसेसरची वाट ६४ बिटांची, पट्टी एका वेळी देते ३२. एका बैलावर जोडीचा नांगर कसा चालेल? त्याच्याही आधीच्या ४८६ मध्ये ३० पिनांच्या, आठ-आठ बिटांच्या पट्ट्या असत. तिथे चार बैल जुंपावे लागत. कंप्युटरची रुंदी इतकी सोपी करून मला दुसऱ्या कशानंच शिकवलेली नाही.

तेवढ्यात लाइट जाते. तुम्ही निम्मा टाइप केलेला अर्ज गेला. या चिपमधला एकेक बिट म्हणजे इवल्याशा गळक्या घागरीतला विजेचा भार. दर ६४ मिलिसेकंदांच्या आत सगळ्या घागरी पुन्हा भराव्या लागतात. वीज गेली की भरणारंच कुणी नाही. "सेव्ह करा, सेव्ह करा" असं सर दिवसभर का सांगतात, ते आता कळतं.

आता परत या. आजच्या कित्येक लॅपटॉपांत मेमरी बोर्डावरच डकवलेली येते, पोरांच्या हाताला लागतच नाही. माळ्यावर असा एखादा जुना कॅबिनेट अजून पडून असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी उघडा. पट्टी काठाला धरून काढा आणि मुलांना तिच्या खाचा मोजायला लावा. दोन भरल्या तर ती १६८ पिनांची. एकच असेल आणि पिना १८४, तर ती नंतरची डीडीआर.