जहाजाचं इंजिन नेमकं कशामुळे झिजतं?

भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडायची सोय नसते. जहाज लाटा नेतील तिकडे जातं. म्हणून इंजिनरूममध्ये झिजेचा हिशेब मिलिमीटरच्या भागांत ठेवतात.

मोठ्या मालवाहू जहाजांचं मुख्य इंजिन बहुतेक टू-स्ट्रोक डिझेल असतं. २००६ मधल्या 'एम्मा मर्स्क'चंच घ्या: १४ सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९६ सेंटीमीटर! सिलिंडरच्या आतलं अस्तर म्हणजे लायनर. झीज तिथेच जास्त होते, त्यातही वरच्या टोकाला. तिथे उष्णता आणि दाब सर्वाधिक असतात, शिवाय पिस्टन क्षणभर थांबतो आणि तेलाचा थर पातळ होतो. १००० तासांत ०.१ मिलिमीटरच्या आत झीज असेल, तर साधारणपणे ठीक मानतात.

घर्षण तर आहेच, पण मोठे गुन्हेगार इंधनातून येतात.

पहिला गंधक. तो जळून वाफेशी मिळाला की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. लायनर थंड असेल तर ते दवासारखं भिंतीवर जमतं आणि धातू खातं. इंधन वाचवायला जहाज हळू चालवलं की हा त्रास वाढतो. उपाय म्हणजे लायनर पुरेसा गरम ठेवणं आणि आम्ल मारणारं अल्कलीयुक्त सिलिंडर ऑइल. १ जानेवारी २०२० पासून इंधनातल्या गंधकाची जागतिक मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यांवर आली, त्यामुळे अशा इंधनाला कमी अल्कलीचं तेल लागतं. जास्त ओतलं तर उलटंच होतं. उरलेली अल्कली पिस्टनवर कडक थर धरते आणि लायनर घासून आरशासारखा करते. दिसायला छान, पण तेल धरून ठेवणाऱ्या बारीक खाचाच जातात.

दुसरा गुन्हेगार 'कॅट फाइन्स', म्हणजे रिफायनरीतल्या उत्प्रेरकाचे ॲल्युमिनियम-सिलिकॉनचे कठीण कण. नेहमीच्या जड इंधनात किलोमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत चालतात, इंजिनात मात्र १५ पेक्षा कमीच जायला हवेत. त्यासाठी इंधन ९८ अंशांच्या आसपास तापवून प्युरिफायरमध्ये गरगर फिरवतात. टाकीच्या तळाचा गाळही वेळोवेळी काढावा लागतो. नाहीतर वादळात टाकी ढवळते आणि इंजिनाची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच ते कण आत जातात.

बंदरात इंजिन थांबलं की सिलिंडरच्या खालच्या झरोक्यांतून पिस्टन रिंग तपासतात, आणि खाली ओघळलेल्या तेलात लोह किती आलंय तेही मोजतात.