एका पेडलचे दोन टप्पे

हॅरी फर्ग्युसन यांचा टीई-२० ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे तयार झाला. त्याला वेगळी चासी नव्हती. इंजिन आणि गिअरबॉक्स हाच सांगाडा. म्हणून क्लच-प्लेट बदलायची तर ट्रॅक्टरचे मधोमध दोन भाग करावे लागत. निदान चुकले, की ऐन हंगामातले दिवस वाया.

टीई-२०चा क्लच एकच. पेडल दाबले, की चाकांबरोबर पीटीओ आणि हायड्रॉलिक पंपही थांबे. १९५६च्या एफई-३५मध्ये दोन टप्प्यांचा क्लच मिळू लागला : अर्ध्या पेडलवर चाके थांबत, पूर्ण दाबल्यावर पीटीओ आणि पंप. म्हणून अर्ध्या पेडलवर पंप बंद पडणे ही टीई-२०ची रचना असू शकते, दोन टप्प्यांच्या ३५मध्ये मात्र तो दोष ठरतो.

इंजिन गर्जते, पण ओढ नाही, तर क्लच घसरतो. आधी पेडलची मोकळी चाल तपासावी, मग क्लच-हाउसिंगच्या तळातून तेल ठिबकते का ते पाहावे. पेडल पूर्ण दाबूनही गिअर करकरले, तर क्लच सुटत नाही. एखादाच गिअर निसटत असेल, तर संशय गिअरबॉक्सवर. पाना उचलण्याआधी मॉडेल ओळखावे, ते यासाठी.