किल्ला, वेढा आणि घर

साहित्याच्या अध्यापकांनी बालमानसशास्त्राच्या प्रांतात पाऊल का टाकावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर साधे आहे. जिथे रूपकांनी माणसांच्या आयुष्याचे निर्णय केले, तो प्रांत आमच्या अभ्यासाबाहेरचा मानता येत नाही. स्वमग्न मुलांना घरीच शिकवण्याच्या वर्तनोपचाराचा अमेरिकेतील इतिहास आम्ही याच दृष्टीने वाचतो.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि बालपणातील स्वमग्नता ही स्वतंत्र अवस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. ही अवस्था जन्मजात असावी, असे त्यांनी त्या निबंधात म्हटले होते; पण मुलांच्या आईवडिलांमध्ये मायेचा ओलावा कमी दिसतो, अशी नोंदही केली होती. १९४९ मध्ये त्यांनी अशा घरासाठी रेफ्रिजरेटरची उपमा वापरली. पहिले विधान मागे पडले आणि उपमा मात्र उरली. 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्दप्रयोग रूढ झाला, आणि मुलाच्या अबोलपणाचे खापर आईच्या माथी फुटले.

१९६७ मध्ये या उपमेला एका मोठ्या रूपकाची जोड मिळाली. शिकागोतील निवासी शाळेचे प्रमुख ब्रूनो बेटेलहाइम यांचे 'द एम्प्टी फोर्ट्रेस' त्या वर्षी प्रसिद्ध झाले. बेटेलहाइम स्वतः नाझी छळछावण्यांतून गेलेले होते. स्वमग्न मुलाचे मिटून जाणे त्यांना छावणीतल्या कैद्याच्या मिटून जाण्यासारखे वाटले. मूल कैदी ठरले की पहारेकरी कोण, हे वेगळे सांगावे लागत नाही. मग उपायही रूपकातूनच निघाला : मुलाला घरापासून दूर ठेवा.

योगायोग असा की त्याच वर्षी 'द सीज' हे पुस्तक आले. लेखिका क्लारा क्लेबोर्न पार्क या इंग्रजीच्या अध्यापिका आणि एका स्वमग्न मुलीची आई. किल्ल्याचे रूपक त्यांनी नाकारले नाही, पण आईची जागा बदलली. ती किल्ल्याची पहारेकरी नव्हे, बाहेर तळ ठोकून बसलेली वेढेकरी. लहानलहान खेळांतून, इंचाइंचाने, वर्षानुवर्षे घरात चाललेल्या प्रयत्नांची ही नोंद आहे. घर हे दुखण्याचे कारण नसून शिकण्याची जागा असू शकते, हे एका आईने स्वतःच्या अनुभवाने लिहून ठेवले.

त्याआधी १९६४ मध्ये, स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी ही अवस्था जैविक असल्याचे साधार मांडले होते. पुढे १९६९ मध्ये कॅनर यांनीही पालकांच्या सभेत त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले. आई सुटली. पण सुटलेल्या आईला काम मिळाले, आणि ते काम लहान नव्हते.

ते काम ठरवले लॉस एंजेलिस येथील विद्यापीठातील इव्हार लोवास यांनी. त्यांच्या आरंभीच्या प्रयोगांत ओरडणे, चापट मारणे, एवढेच नव्हे तर विजेचे धक्के देणेही होते. १९६५ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने त्याची छायाचित्रे छापली. घराकडे ते वळले एका अपयशामुळे. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात दिसले, की उपचारानंतर संस्थेत परत गेलेली मुले शिकलेले गमावून बसली. ज्यांच्या पालकांना ही पद्धत शिकवली होती, त्यांचे शिकणे मात्र टिकले.

मग टेबल आणि छोट्या खुर्च्या घरात आल्या. मुलाला नाकाला हात लावायला सांगायचे, जमले नाही तर हात धरून लावून द्यायचा, जमताच खाऊ किंवा शाबासकी, प्रत्येक प्रयत्नाची नोंद, पुन्हा तेच. १९८७ च्या प्रसिद्ध निबंधानुसार विद्यापीठातील विद्यार्थी मुलांच्या घरी जाऊन आठवड्याला ४० तास असे शिकवीत, आणि आईवडिलांनाही त्यात तयार करीत. ४० तास म्हणजे प्रौढ माणसाच्या नोकरीचा आठवडा. आणि ही मुले चार वर्षांच्याही आतली! १९ पैकी ९ मुले सर्वसामान्य पातळीला पोचली, असा लोवास यांचा दावा होता. मुलांची गटवारी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निःपक्ष नव्हती, हा आक्षेप लगेच आला. मांडीवर चापट मारणे या अभ्यासातही होते. २००० मध्ये त्यांचेच सहकारी राहिलेल्या ट्रिस्ट्रम स्मिथ यांनी यादृच्छिक वाटणी करून केलेल्या अभ्यासात लाभ दिसला, पण तो बराच माफक होता.

लोवास स्वतःला रूपकांपासून दूर समजत असावेत. त्यांचा विश्वास मोजमापावर. तरीही १९७४ च्या एका मुलाखतीत, या मुलांना शरीर आहे पण त्यात माणूस अजून घडवायचा आहे, अशा आशयाचे ते बोलून गेले. म्हणजे बेटेलहाइम यांचा रिकामा किल्ला येथे रिकाम्या भूखंडाच्या रूपात परत आला.

१९९३ मध्ये पुन्हा दोन लेखने समोरासमोर आली. कॅथरिन मॉरिस या टोपणनावाने एका आईने 'लेट मी हिअर युवर व्हॉइस' लिहिले. आपल्या दोन मुलांच्या घरगुती वर्तनोपचाराची ती कहाणी वाचून असंख्य पालकांनी घरात टेबल मांडले. त्याच वर्षी स्वमग्न असलेल्या जिम सिंक्लेअर यांचा 'डोन्ट मोर्न फॉर अस' हा लेख आला. स्वमग्नता हे माणसाला कोंडणारे कवच नाही, ती त्याच्या असण्याची रीतच आहे. न मिळालेल्या मुलाचा शोक समोरच्या मुलावर लादू नका, असे त्यांनी पालकांना सांगितले. लेख छापणाऱ्या वार्तापत्राचे नाव होते 'अवर व्हॉइस'. आईने आवाज मागितला होता. आवाज आला, पण त्याने किल्लाच नाकारला.

यातून मॉरिस खोट्या ठरत नाहीत. मूल पाणी मागू शकत नाही, रस्त्यावर धावत सुटते, तेव्हा आईला निबंध नव्हे, मदत हवी असते. पण शिकवणे आणि घडवणे यांतली रेषा कुठे आहे, हे ४० तासांच्या तक्त्यात कुठेच लिहिलेले नसते. ती घरातल्यांनाच रोज ओढावी लागते. आणि ज्या घराला टेबलाभोवती जगावे लागते, तिथे आईला निव्वळ आई असण्यासाठी किती तास उरतात, हेही मोजले पाहिजे.

मराठीत आपण 'स्वमग्न' म्हणतो. कवीविषयी वापरला तर तोच शब्द गौरवाचा होतो. मुलाच्या प्रमाणपत्रावर आला की घर हादरते. शिवाय 'मूल आपल्याच कोशात आहे' असेही आपण सहज बोलून जातो. कोश म्हटला की तो फोडण्याची घाई आलीच. हा शब्द पुढच्या वेळी ओठांवर येईल तेव्हा क्षणभर थांबावे, आणि त्या मुलाला कोश आहे असे कोणी ठरवले, हे आधी विचारावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.