तिथे राहायला सांगितलं होतं कोणी?

दरड कोसळली किंवा पूर आला की दोन दिवस आपण सगळेच हळहळतो. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतंच, "पण मुळात तिथे राहायला सांगितलं होतं कोणी?" १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, त्यानंतरही हे वाक्य मी ऐकलं. वाक्य जुनंच आहे. त्याचा दीडशे वर्षांपूर्वीचा अवतार आज सांगतो.

१८७६ साली दख्खनमध्ये पाऊस फसला आणि मोठा दुष्काळ पडला. कुणब्याकडे ना धान्य उरलं, ना गुरं. सरकारने खडी फोडायची, रस्ते-तलाव बांधायची कामं काढली. १८७७ च्या सुरुवातीला पाहणीसाठी आले सर रिचर्ड टेंपल. गंमत बघा, याच टेंपलसाहेबांनी १८७४ मध्ये बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून लोक जगवले होते. भूकबळी अगदी थोडे. पण शाबासकी राहिली बाजूला, उधळपट्टीचा ठपका मात्र बसला!

दख्खनमध्ये आले ते धडा शिकूनच. गरज नसलेले लोकही कामावर येतात, असं त्यांचं मत पडलं. मजुरी उतरली ती दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर थोडेसे पैसे. एवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी हे अंगमेहनतीला पुरणार नाही म्हणून कडाडून विरोध केला. मुंबई इलाख्यात तर हजारो भुकेले लोक कामं सोडून निघून गेले. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली, गावोगावची हकीकत सरकारला कळवत राहिली. तरीही या दुष्काळात देशभरात पन्नास लाखांहून जास्त माणसं गेली.

मला यात टेंपलसाहेबांचा बदल फार बोलका वाटतो. तीन वर्षांत भुकेलेला माणूस काही बदलला नव्हता. बदललं होतं ते खर्चाचं गणित. आधी हात आखडायचं ठरलं, मग भुकेलेल्यात खोट दिसू लागली.

आता पुन्हा इर्शाळवाडी. तिथले ठाकर आदिवासी पिढ्यानपिढ्या त्याच डोंगरावर राहत होते. आणि सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचं नावच नव्हतं! ज्यांच्याकडे नकाशे आणि भूगर्भतज्ज्ञ आहेत त्यांना जे दिसलं नाही, ते त्या वाडीने ओळखायला हवं होतं, असं आपण म्हणायचं?

कुठे राहावं हा प्रश्न विचारायलाच हवा. पण तो पावसाळ्याआधी, आणि दुसरी जागा देऊ शकणाऱ्यांना. ढिगाऱ्यापाशी बसलेल्या माणसाला नाही.

असो. तुम्हाला काय वाटतं?