मेथीची कुळकथा

मिऱ्यांचा इतिहास आपण शाळेत शिकवतो. इ. स. ४०८ मध्ये गॉथांचा राजा अलारिक रोमला वेढा घालून बसला, तेव्हा त्याने मागितलेल्या खंडणीत सोन्याचांदीबरोबर तीन हजार पौंड मिरीही होती, हे सांगितले की वर्गातली मुले कान टवकारतात. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला तो मसाल्यांच्या मागावर, आणि १६२१ साली डचांनी बांदा बेटांवर माणसे कापून काढली ती जायफळासाठी. मसाल्यांचा इतिहास हा असा गलबतांचा, तोफांचा आणि रक्ताचा आहे.

मेथीसाठी मात्र कोणी शिडे उभारली नाहीत. ती कुठेही उगवे, कोणालाही परवडे. जी वस्तू सर्वांना मिळते तिच्यासाठी लढाया होत नाहीत, आणि जिच्यासाठी लढाया होत नाहीत ती आमच्या पाठ्यपुस्तकांत येत नाही. म्हणून मेथीची कुळकथा शोधायची तर राजदरबार सोडून शेत, गोठा, स्वयंपाकघर आणि बाळंतिणीची खोली यांतून हिंडावे लागते.

कूळ तसे जुने. इराकमध्ये तेल हलाल येथील उत्खननात मेथीचे जळून कोळसा झालेले दाणे सापडले, ते इ. स. पूर्व ४००० च्या सुमाराचे ठरले. १९२२ साली उघडलेल्या तूतनखामेनच्या थडग्यातही सोन्याच्या राशींबरोबर मेथीदाणे निघाले. पण रोमनांच्या लेखी मेथी ही मुख्यतः जनावरांची वैरण. थोरला केटो इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात शेतीवर लिहितो, त्यात बैलांच्या चाऱ्याच्या पिकांत ती येते. तिचे लॅटिन नावच मुळी ‘ग्रीक गवत’ या अर्थाचे आहे. पुढे १७५३ साली लिनियसने वनस्पतींची नावे पक्की केली, तेव्हा हेच गवत तिच्या शास्त्रीय नावात कायमचे जाऊन बसले. त्या नावाचा पहिला शब्द त्रिकोणावरून आला, कारण तिचे फूल इवल्याशा त्रिकोणासारखे दिसते. मेथी खरी वाटाण्या-हरभऱ्याच्या गोतातली, शेंगेत पिकणारी. मसाल्याच्या डब्यात ती पाहुणी म्हणून आली.

रोमन लेखक प्लिनी याने इ. स. ७७ च्या सुमारास तिच्याविषयी एक मोठी मार्मिक गोष्ट नोंदवली आहे. मेथी पेरताना जमीन वरवर उकरावी, तास चार बोटांहून खोल नसावा, आणि तिची जितकी हेळसांड करावी तितकी ती जोमाने येते, असे तो सांगतो. शेतकऱ्याचा हा अनुभव मेथीच्या साऱ्या चरित्राला लागू पडावा असा आहे.

तिच्यासाठी लढाई झाली नाही खरी, पण तिने एकदा लढाई केली. इ. स. ६७ मध्ये व्हेस्पेशियनच्या रोमन सैन्याने गॅलिलीतील योतापाता या यहुदी गावाला वेढा घातला. गावाच्या बचावाचा नायक जोसीफस हा पुढे इतिहासकार झाला आणि त्यानेच ही हकीकत लिहून ठेवली. रोमन शिपाई तटाला फळ्या लावून वर चढू लागले. उकळते तेल ओतून झाले, तरी ते मागे हटेनात. तेव्हा यहुद्यांनी शिजवलेली मेथी त्या फळ्यांवर ओतली. बुळबुळीत लगद्यावरून चिलखती शिपाई घसरले आणि एकमेकांच्या अंगावर कोसळले. गाव अखेर सत्तेचाळिसाव्या दिवशी पडले. परंतु त्या एका दिवसापुरते जगातल्या सर्वांत शिस्तबद्ध सैन्याला मेथीने लोळवले होते. रात्री भिजत घातलेली मेथी सकाळी बोटांत धरून पाहावी, म्हणजे जोसीफसवर विश्वास बसतो.

हाच चिकटपणा तिचे औषधही आहे. भिजल्यावर दाण्यातून सुटणारा हा बुळा पाणी आणि ऊब धरून ठेवतो. म्हणून पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस सुजेवर मेथीच्या पिठाचा लेप सांगतो आणि स्त्रियांच्या विकारांत तिचा काढा सांगतो. इ. स. ८०० च्या सुमारास शार्लमेनच्या जमिनींवर कोणत्या वनस्पती लावाव्यात याची जी यादी निघाली तिच्यात मेथी आहे. आपल्याकडे सोळाव्या शतकातील भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त मेथी, अहळीव, ओवा आणि काळे जिरे यांना ‘चतुर्बीज’ म्हणून एकत्र बांधले आणि ते वातविकारांवर सांगितले. सुजेला लेप, वाताला चूर्ण आणि बाईमाणसाला काढा किंवा लाडू ही मेथीची कामे इतक्या दूरदूरच्या मुलखांत सारखीच आढळतात. अरबस्तानात आजही बाळंतिणीला ‘हुलबा’ देतात. ही हुलबा म्हणजे आपली मेथीच.

महाराष्ट्रात तिने घर कसे केले ते पाहण्यासारखे आहे. भाजलेल्या डाळी, तांदूळ, गहू, हळद, हिंग, सुंठ आणि मेथी एकत्र दळले की मेतकूट होते. नाव मेथीचे, पण मेथी त्यात अगदी थोडी. दोन माणसांचे सूर जुळले की ‘त्यांचे मेतकूट जमले’ असे आपण म्हणतो. इतकी कडू वस्तू मैत्रीच्या वाक्प्रचारात जावी, हे या भाषेचे शहाणपण आहे. लाल भोपळ्याच्या भाजीला मेथीची फोडणी, कैरी-गुळाच्या मेथांब्यात मेथी, लोणच्याच्या मसाल्यात तळून कुटलेली मेथी, गोव्या-कारवारकडची उडीद आणि मेथीची उडदामेथी. प्रत्येक ठिकाणी आंबट, गोड किंवा पिठूळ असे काहीतरी तिला सावरून धरते. फोडणीत ती लालसर झाली पाहिजे. काळी पडली की सारी आमटी कडू. या दोन अवस्थांमध्ये जे काही क्षण असतात, तेवढ्यात सुगरण आणि नवखी यांची परीक्षा होऊन जाते.

बाळंतिणीचे मेथीचे लाडू ही तर स्वतंत्र विद्या. पीठ तुपात काही दिवस भिजत ठेवायचे, म्हणजे कडवटपणा मवाळ होतो. मग कणीक, खोबरे, खारीक, डिंक आणि गूळ. मला या लाडवात आणखी एक खुबी दिसते. भरल्या घरात सून सर्वांच्या मागून जेवायची. बेसनाचे लाडू केले असते तर पोरांनी डबा दोन दिवसांत रिकामा केला असता आणि तिच्या वाट्याला चुरा आला असता. मेथीच्या लाडवाकडे कोणी फिरकत नाही. तूप, डिंक, खोबरे असे घरातले मोलाचे सारे त्या कडवटपणाच्या पहाऱ्यात तिच्यापर्यंत सुखरूप पोचते. कोण्या आजीने हे योजून केले असेल असा माझा दावा नाही; पण घडते ते असे.

हा कडवटपणाचा पहारा दुसऱ्याही अर्थाने महत्त्वाचा आहे, आणि आज तोच उठू लागला आहे. मेथी तोंडाने खावी लागे तोवर तिचा अतिरेक कोणी करू शकत नसे. जीभच हात धरी. आता ती गोळीच्या वेष्टनात मिळते. जिभेला पत्ता न लागता हवी तितकी पोटात जाते. १९९० साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेही रुग्णांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना दहा दिवस, दोन जेवणांत वाटून, रोज १०० ग्रॅम मेथीची पूड देण्यात आली. तीही आधी तिच्यातला तेलाचा अंश काढून. रक्तातली साखर उतरली. घरोघरी ‘मेथीने साखर उतरते’ एवढेच पोचले. १०० ग्रॅम पोचले नाही. चहाच्या चमच्यात जेमतेम चार ग्रॅम मेथी मावते. तेव्हा सकाळी चमचाभर भिजवलेली मेथी खाऊन डॉक्टरांचे औषध सोडणारा फसतो. आणि औषध चालू ठेवून वर मेथीच्या गोळ्यांचा मारा करणाऱ्याची साखर नको तितकी उतरू शकते. गरोदर स्त्रीनेही भाजी-आमटीतली मेथी खावी, औषधी मात्रेच्या वाटेला जाऊ नये.

खरेदीचेही तसेच. पूर्वी वाणी ओळखीचा असे; चार दाणे हातावर घेऊन पाहावेत, एक चावावा, मग पुडी बांधून घ्यावी. चांगला दाणा पिवळसर, टणक, भरलेला, किडीचे भोक नसलेला, चिरडताच घमघमणारा. पेरणीसाठी विकले जाणारे बियाणे विषारी औषध चोळलेले असू शकते, ते खाण्यासाठी कधीही आणू नये. बंद पिशवीतला दाणा मात्र कोणत्या शेतातून आला हे कळत नाही, आणि न कळण्याची किंमत जर्मनीने २०११ साली मोजली. तेथे एका दूषित जिवाणूची साथ पसरली. प्रथम स्पेनच्या काकड्यांवर आळ आला. शोध घेता घेता माग निघाला तो मोड आलेल्या मेथीचा, आणि त्यामागे बहुधा २००९ साली इजिप्तहून आलेल्या दाण्यांचा. तिकडे मोड कच्चे खातात. सुमारे ३,८०० माणसे आजारी पडली आणि पन्नासाहून अधिक दगावली. आपल्याकडे मोडाच्या मेथीची उसळ शिजवून, वाफ आणून करतात. कोणत्याही पोथीत न लिहिलेली ही रीत किती जिवांचे रक्षण करीत आली असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

मेथीचा इतिहास हा असा मात्रेचा इतिहास आहे. किती घ्यायची, केव्हा विस्तवावरून काढायची, कशाबरोबर आणि कोणाला द्यायची, हे जिला ठाऊक होते तिचे नाव कोणत्याही बखरीत नाही. दाणा टिकेल, त्याची चिंता नको. हेळसांड त्याला मानवते हे प्लिनीने सांगूनच ठेवले आहे. मात्रेचे ज्ञान तसे चिवट नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात, फोडणी करता करताच द्यावे लागते. घरात हे जाणणारी कोणी वडीलधारी असेल, तर या दिवाळीत तिच्याजवळ बसून ते मागून घ्यावे.