हिंगोलीची छावणी आणि सोळाव्या हिश्श्याचा शर्मन

सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझं गाव गोरेगाव. नाही हो, वेस्टर्न लाईनवरचं नाही! हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात आमचंही एक गोरेगाव आहे. पुण्यात टीम बदलली की हे वाक्य एकदा तरी म्हणावंच लागतं. दुसरा प्रश्न येतो तो घरी कोणी आलं की, टेबलावरच्या रणगाड्याबद्दल. रिमोटवर चालतो, टरेट फिरतो, तोफ मागे धक्का खाते, इंजिनाचा आवाजही येतो. मग तिसरा प्रश्न: "शर्मनच का रे? जर्मन टायगर का नाही?" या तिसऱ्याचं उत्तर पहिल्यात दडलंय, म्हणून हा लेख.

आधी थोडं गणित, कारण त्याशिवाय आम्हा इंजिनीअर मंडळींना चैन पडत नाही :)

मॉडेल १:१६ प्रमाणातलं आहे. जपानच्या तामिया कंपनीने याच प्रमाणातला रिमोटवर चालणारा शर्मन १९७४ मध्ये काढला होता. आता चिनी बनावटीचेही मिळतात. खरा शर्मन साधारण ५.८४ मीटर लांब, म्हणजे मॉडेल साडेछत्तीस सेंटीमीटर. इथवर ठीक. पण वजन लांबीच्या घनाप्रमाणे कमी होतं. ३० टनाला ४०९६ ने भागा, सव्वासात किलोच्या आसपास उत्तर येतं. प्लास्टिकचं मॉडेल याच्या निम्म्यानेही भरत नाही. म्हणून डब्यातून काढलेला रणगाडा दगडावरून टुणकन उडतो आणि लगेच खेळणं वाटतो. उपाय सरळ आहे: पट्टे धातूचे, चाकं धातूची, तळाला शिशाच्या पट्ट्या, आणि एवढा भार झेपावा म्हणून गिअरही धातूचे. वेगाचंही तेच. खरा शर्मन ताशी चाळीसेक किलोमीटर पळायचा, मॉडेलला ताशी अडीच पुरे. रिमोटचा दांडा जरासाच ढकलायचा, की तो जड जनावरासारखा चालायला लागतो.

मग येतं रंगकाम. बेस कोट, त्यावर कोपऱ्याकोपऱ्यात मुरणारा पातळ गडद वॉश, कडांवर ड्राय ब्रश, स्पंजाने दाबून उडवलेले रंगाचे टवके. वेल्डिंगच्या जाड रेघा एम-सीलच्या बारीक वळ्या करून काढता येतात. हे सगळं सवयीने जमतं. अडतं ते पुढे. बाजारातले बहुतेक शर्मन अमेरिकन, पांढरी चांदणी रंगवलेले. ती चांदणी काढली की प्रश्न उरतो: हा रणगाडा कोणाचा? कुठल्या साली, कुठल्या मातीतला? याचं उत्तर ठरल्याशिवाय चिखलाचा रंगसुद्धा ठरवता येत नाही.

इथे आमची हिंगोली येते.

हिंगोली म्हटलं की लोकांना औंढा नागनाथ आठवतो, फार तर दसऱ्याचं प्रदर्शन. पण १९०३ पर्यंत हिंगोली ही हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. निजामाच्या खर्चाने पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमातली फौज. औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, हिंगोली, बोलारम अशी तिची ठाणी. या फौजेच्या घोडदळातली जुनी तुकडी आपलं मूळ १७९० पर्यंत नेते. १९०३ मध्ये कंटिन्जंट मोडून भारतीय सैन्यात मिसळली, तेव्हा तिच्या दोन रिसाल्यांची नावं झाली २० वी डेक्कन हॉर्स आणि २९ वी लान्सर्स. पुढे पहिल्या महायुद्धानंतर त्या दोन्ही मिळून झाली ९ वी डेक्कन हॉर्स. आजही ती रेजिमेंट आहे.

नुसत्या तारखा पाहिल्या तरी गंमत वाटते. १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सॉमच्या लढाईत याच रेजिमेंटच्या स्वारांनी भाले घेऊन हाय वुडजवळ घोडे घातले, समोर मशीनगन असताना. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १५ सप्टेंबरला, त्याच सॉमवर जगातला पहिला रणगाडा लढाईत उतरला. आणि १९४५ मध्ये ब्रह्मदेशात मेक्टिलाच्या मोहिमेत डेक्कन हॉर्स लढली ती शर्मन घेऊन. भाल्यापासून शर्मनपर्यंत तीस वर्षंसुद्धा लागली नाहीत. आम्ही एका सॉफ्टवेअरचं व्हर्जन बदलताना किती रडतो ते आठवून पाहा.

आता सप्टेंबर १९६५. पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर नावाचं गाव. समोर पाकिस्तानचे पॅटन, ९० मिलिमीटरची तोफ, पुढून जाड चिलखत. आपल्या बाजूला ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन, ८ कॅव्हलरीचे हलके एएमएक्स आणि डेक्कन हॉर्सचे महायुद्धातले म्हातारे शर्मन. त्यावेळी डेक्कन हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य, म्हणजे पुढे १९८३ मध्ये लष्करप्रमुख झालेले आपले जनरल वैद्य. ६५ च्या लढाईसाठी त्यांना महावीर चक्र मिळालं. ७१ मध्ये दुसरं.

शर्मनने पॅटनला समोरून भिडण्यात शहाणपण नव्हतं. म्हणून घोड्याच्या नालेच्या आकाराची मोर्चेबांधणी झाली, कालव्याचं पाणी शेतांत सोडलं गेलं आणि आपले रणगाडे उसात दबा धरून बसले. शर्मनची उंची सुमारे पावणेतीन मीटर, वाढलेल्या उसात सहज लपावा इतकी. पॅटन ओल्या रानात अडकले, बगल देत वळले, आणि जवळून मार खाल्ला. ४ ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने रणगाडे फोडले ते इथेच. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत पाकिस्तानचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले, असा आपल्याकडचा आकडा आहे.

म्हणजे बघा, मॉडेलवरचा चिखल ही काही नुसती सजावट नाही. त्या लढाईत चिखल हे हत्यारच होतं.

इथवर छाती फुगते. पण हिंगोलीचा माणूस म्हणून मला याच फौजेची मागची पानंही उलटावी लागतात. १८१९ मध्ये हटकर सरदार नौसाजी नाईकांचा नोव्ह्याचा किल्ला वेढून पाडला तो पुढे कंटिन्जंट म्हणून ओळखल्या गेलेल्या याच फौजेने. १८५८ मध्ये ती सर ह्यू रोझबरोबर मध्य भारतात होती, म्हणजे झाशीची राणी आणि तात्या टोपे यांच्या विरुद्ध बाजूला. छावणी आपल्या भागात होती ती आपल्याच लोकांवर वचक ठेवायला. आणि १९४८ च्या सप्टेंबरात सोलापूरहून नळदुर्गमार्गे भारतीय सैन्याचे रणगाडे आले, तेव्हा मराठवाड्यातल्या लोकांना ती निजामाच्या राजवटीतून सुटका वाटली. वर्दीतला माणूस कोणाच्या बाजूचा, हे वर्दी शिवणारा नाही, हुकूम देणारा ठरवतो.

माझ्या मते यातलं काही लपवायची गरज नाही. चांगलं वेदरिंग म्हणजे तरी काय? नव्या रंगाखालचा जुना थर टवक्यातून दिसला पाहिजे. सगळा रणगाडा चकाचक ठेवला तर तो शोरूममधला, आणि नुसता गंजवला तर भंगारातला. लढलेला रणगाडा दोन्हीच्या मधला असतो.

ज्यांना खरी लोखंडं बघायची आहेत त्यांनी अहिल्यानगरचं (पूर्वीचं अहमदनगर) रणगाडा संग्रहालय चुकवू नये. १९९४ पासून आहे, पुण्याहून सकाळी निघालं तर संध्याकाळी परत. बोल्ट कसे बसवलेत, चिलखताचा ओतीव पृष्ठभाग किती खडबडीत असतो, हे हात लावता येण्याइतक्या अंतरावरून कळतं. इंटरनेटवरच्या फोटोत ते समजत नाही.

तर माझा शर्मन खेमकरणचा, १९६५ चा. चांदणी गेली. पट्ट्यांत गाळाची फिकट तपकिरी माती. गावाकडची काळी माती कितीही लाडकी असली तरी इथे चालायची नाही. टरेटवर उसाची पाचट अडकवायची ठरवलंय. फक्त १:१६ चा ऊस कशाचा करायचा, ते अजून सापडलेलं नाही. आईच्या मते जुन्या केरसुणीच्या काड्या. पुढच्या शनिवारी करून बघतो.