रसद, औषध आणि सैन्य : लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर यांच्या सेवेच्या निमित्ताने

दरवर्षी १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो, विजयस्तंभाला मानवंदना देतो. महार शिपायांचे शौर्य आपल्या लेकरांनाही तोंडपाठ आहे. पण त्या दिवसाची दुसरी बाजू आपण फारशी सांगत नाही. शिरूरहून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री निघालेली ती तुकडी रात्रभर चालून आली होती. दुसऱ्या दिवशी पोटात अन्न नाही आणि अंधार पडेपर्यंत पाण्याचीही वाट तुटलेली. भीमा नदी जवळून वाहत होती आणि माणसे तहानेने तडफडत होती. जखमींना बघणारे सहायक सर्जन दोन, त्यातला विंगेट मारला गेला. म्हणजे लढाई बंदुकीची होती तशीच ती पाण्याची, भाकरीची आणि मलमपट्टीचीही होती.

सैन्याचे हे मागचे अंग म्हणजे रसद आणि वैद्यकीय सेवा. आम्ही गिरणीत काम केलेली माणसे आहोत. आम्हाला हे पटकन कळते. साचा कितीही चांगला असो, खात्यात वेळेवर बॉबीन आले नाही तर साचा बंद. सैन्याचेही तसेच आहे.

बाबासाहेबांच्या घराण्यातच याचा दाखला आहे. सुभेदार रामजी सकपाळ सैन्यात होते, पण त्यांची सेवा गाजली ती लष्करी शाळेतले मुख्याध्यापक म्हणून. निवृत्तीनंतर साताऱ्याला ते स्टोअरकीपर झाले. साठ्याचा हिशोब ठेवणे हे त्यांचे काम. त्या काळच्या पलटणीत शिपायांच्या मुलांना आणि मुलींनाही शिक्षण सक्तीचे होते. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली तेव्हा नुसती नोकरी गेली नाही, शाळेचे दारही बंद झाले. गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज लिहिला तो यासाठीच. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, ती १९२१ साली मोडली. शेवटी १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता.

आता एका मराठी बाईची हकिकत सांगतो. माधुरी कानिटकर पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या. हे कॉलेज १९४८ साली सुरू झाले. त्या लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या आजारांच्या तज्ज्ञ झाल्या आणि पुढे आपल्याच कॉलेजच्या अधिष्ठाता झाल्या. त्यानंतर उधमपूरला उत्तर कमांडच्या वैद्यकीय सेवेची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

ही जबाबदारी म्हणजे काय, ते समजून घेतले पाहिजे. सीमेवर जवान जखमी झाला की आधी पलटणीचा डॉक्टर त्याचे रक्त थांबवतो.   तिथून फील्ड हॉस्पिटल आणि मग मोठे लष्करी इस्पितळ. या साखळीतली एक कडी निसटली तर माणूस वाटेतच जातो. त्यात लडाखसारखा मुलूख. हिवाळ्यात घाट बर्फाने बंद होतात, म्हणून धान्य, रॉकेल, औषधे आधीच वर चढवून ठेवावी लागतात. सलाईनची बाटलीही गोठते. तिथे डॉक्टरला औषधाबरोबर वाहन, रस्ता आणि साठा यांचाही विचार करावा लागतो.

१७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सैन्यातल्या स्त्री अधिकाऱ्यांना कायम कमिशन देण्याचा निकाल दिला. बायका हुकूम देऊ शकत नाहीत, ही सबब कोर्टाने फेटाळली. त्यानंतर बाराव्या दिवशी, २९ फेब्रुवारीला, माधुरीताई लेफ्टनंट जनरल झाल्या. या दर्जापर्यंत गेलेल्या देशातल्या त्या तिसऱ्या महिला. त्यांचे पती राजीव कानिटकर हेही लेफ्टनंट जनरल. दिल्लीत तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवांचा मेळ घालण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि पाठोपाठ कोरोना आला.

२०२१ चा एप्रिल महिना आपल्यापैकी कोण विसरेल? ऑक्सिजन देशात होता, पण पोलाद कारखान्यांजवळ होता. रुग्ण होता दुसरीकडे. प्रश्न रसदीचा झाला. हवाई दलाने रिकामे टँकर विमानांतून नेले, कारण भरलेला टँकर विमानात नेणे धोक्याचे. नौदलाची जहाजे परदेशातून ऑक्सिजन घेऊन आली. आणि आपल्या शेजारच्या कळंबोलीहून १९ एप्रिलला देशातली पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस सुटली. सात रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला. उंच टँकर घाटातून जाईनात, म्हणून गाडी वसई, सुरत, भुसावळ, नागपूर असा मोठा वळसा घालून गेली. येताना तीन टँकर नागपूरला आणि चार नाशिकला उतरले. खारघरच्या माणसाला तरी रसद म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

जवळजवळ चार दशकांच्या सेवेनंतर २०२१ साली माधुरीताई निवृत्त झाल्या आणि नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

कुणी म्हणेल, विहाराच्या स्मरणिकेत हे कशाला? तर तथागतांची गोष्ट आठवा. आजारी भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता, कोणी विचारत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला लावले आणि स्वतः त्याला धुतले. रुग्णाची सेवा म्हणजे माझीच सेवा, अशी शिकवण त्यांनी संघाला दिली. आनंदाने आणलेले ते पाणी हीसुद्धा रसदच होती. करुणा नुसती मनात असून भागत नाही, तिला हातपाय लागतात.

बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीत पोरगा सैन्यात जायचा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बंदूकच येते. पोरगी तर त्या वाटेला जाऊ शकते हेच आपल्या ध्यानात येत नाही. सैन्यात डॉक्टर लागतो, नर्स लागते, औषधसाठा सांभाळणारा लागतो, गाड्यांचा हिशोब ठेवणारा लागतो. पुण्याच्या त्या कॉलेजचा रस्ता आता नीट परीक्षेतून जातो. बारावीत शास्त्र घेतलेल्या आपल्या मुलींना हे आधीपासून माहीत पाहिजे. आईबापांनी चौकशी केली पाहिजे, विहाराच्या अभ्यासिकेत त्याची माहिती लावली पाहिजे. एकदा बंद झालेले दार उघडायला आपल्या बापजाद्यांना पन्नास वर्षे झगडावे लागले. आज दार उघडे आहे. तिथून आत जायला पोरीला पाठबळ द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!